सकाळचा पहिला नंबर

माझी मावशी एका मोठ्या दवाखान्यात वेब सर्व्हर सांभाळायची. पेशंटने घरून नंबर लावला की ती मागणी आधी तिच्या सर्व्हरकडे यायची. तो ती अॅप्लिकेशन सर्व्हरकडे धाडायचा आणि कुठल्या डॉक्टरांची वेळ मोकळी आहे, ते तिथून कळायचं. तो दुसरा सर्व्हर वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या ताब्यात होता. ते इतकं कमी बोलत, की सगळे त्यांना मौनीबाबाच म्हणायचे.

मध्यंतरी रोज सकाळी गडबड व्हायला लागली. पहिल्या पेशंटांना पडद्यावर ‘सेवा उपलब्ध नाही’ एवढंच दिसायचं. थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत. मावशी वर फोन लावायची.

“तुमच्याकडून उत्तरच येत नाहीये.”

“माझा चालू आहे.” की फोन बंद.

मावशीचं डोकं फिरायचं. दोघंही आपापला सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करत, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच रडगाणं.

एके दिवशी नंबर न मिळालेली एक म्हातारी पायरीवर डोळे मिटून बसलेली मावशीने पाहिली. तिला खिडकीवरून नंबर मिळवून दिला आणि मावशी तडक वर गेली. मौनीबाबांच्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाली, “आज मी इथून हलणार नाही.”

त्यांनी कागद बाजूला सरकवून जागा केली. दोघांनी आपापल्या सर्व्हरच्या नोंदी शेजारी शेजारी उघडल्या. मावशीकडून मागणी निघाली होती. त्यांच्याकडे मात्र ती पोचलीच नव्हती.

“म्हणजे आपण दोघंही खरंच बोलत होतो,” मौनीबाबा म्हणाले.

घोळ मधल्या फायरवॉलचा, म्हणजे दोन्ही सर्व्हरांमधल्या राखणदार यंत्रणेचा होता. रात्री कुणी नंबर लावत नसे. शांत पडलेली जोडणी फायरवॉल परस्पर तोडून टाकायची, कुणाला न सांगता. सकाळच्या मागण्या त्या तुटलेल्या वाटेवरच जायच्या. दोघांनी मग अशी सोय केली, की काम नसतानाही अधूनमधून एक छोटा इशारा जात राहील आणि जोडणी जागी राहील.

दुसऱ्या दिवशी दोघंही लवकर आले. पहिला नंबर बिनबोभाट लागला. मौनीबाबांनी थर्मासमधून दोन कप चहा ओतला. सर्व्हरच्या खोलीत चहाला मनाई, म्हणून ते जिन्यात जाऊन बसले. पुढे कितीतरी वर्षं त्यांचा चहा तिथेच व्हायचा. मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी दिवसभर बाकावर बसून राहिले ते मौनीबाबाच.

आता ते सर्व्हर तिथे नाहीत. परवा मावशीचे डोळे तपासायला आम्ही तिथे गेलो, तर सर्व्हरच्या खोलीत चादरींची कपाटं होती. मावशी दारातच थबकली.

“सर्व्हरसाठी इथे एवढा गारवा ठेवायचे, की उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालावा लागायचा,” ती म्हणाली, आणि आमचा नंबर पुकारला तरी जागची हलेना.