लिफ्टजवळचे काव्यवाचन
नव्या शालीच्या घडीचा वास आला की मला आमच्या आखाती शहरातल्या ऊद मेथा भागातल्या सभागृहातली ती संध्याकाळ आठवते, आणि इथल्या मराठी मंडळात तिच्याविषयी आजही सांगितले जाते ते धादांत खोटे आहे, हे पुन्हा एकदा बजावावेसे वाटते. म्हणे, मी भांडून पाहुण्यांना बाहेर नेले! पाहुणे म्हणजे एक वृद्ध डॅनिश कवी-कादंबरीकार; त्यांच्या कविता मी मराठीत आणल्या होत्या, त्याही इंग्रजीवरून नव्हे. डॅनिश जहाज कंपनीत नोकरी करताना मी ती भाषा रीतसर शिकलो होतो. त्यांच्यासमोर माझा अनुवाद वाचायचा, एवढ्यासाठीच तो कार्यक्रम होता. परंतु शाल, श्रीफळ, प्रास्ताविक आणि आभार यांतच वेळ संपला. अध्यक्ष म्हणाले, “काका, खलास! हॉल सोडायचाय. कविता पुढच्या वेळी, इन्शाल्ला.” “पाहुणे ऐंशीचे आहेत. पुढची वेळ कोणाची?” एवढेच मी विचारले, याला भांडण म्हणत नाहीत. पाहुणे नारळ सांभाळत स्वतःच उठले, लिफ्टजवळच्या बाकावर बसले आणि मला त्यांच्या भाषेत म्हणाले, “इथे वाचा.” पत्नी गेल्यावरही पलंगाच्या आपल्याच कडेला झोपणाऱ्या माणसाची ती कविता मी मराठीतून वाचली. आत खुर्च्या सरकत होत्या. ते डोळे मिटून ऐकत होते. “पुन्हा,” ते म्हणाले. मी पुन्हा वाचली. ते जाऊनही आता वर्षे लोटली. अल बर्शा भागातल्या घरात मी हा विषय काढला की नातवंडे म्हणतात, “आजोबा, लेट इट गो.” माझ्या अनुवादाला आजवर तेवढा एकच श्रोता लाभला, आणि त्यांना मराठीचा एक शब्दही कळत नव्हता.