नकाशावरचे तीन तास

हुबळीजवळच्या मळमड्डीतले शेषगिरी मास्तर जन्मभर भूगोल शिकवून रिटायर झाले, पण शिकवायची खोड काही गेली नाही. कुणी लांबच्या गावाला निघालं की आधी त्यांच्या कट्ट्यावर हजेरी लावायचं. मास्तर ॲटलास उघडत, पट्टी लावत आणि अंतर सांगत. ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

थोरली बहीण शकुंतलाक्का त्यांच्याच घरी राहायची. तिची लेक उत्तरा आसामात, दिब्रुगडला. तिचे दिवस भरत आले होते. तिनं विमानाचं तिकीट मामाच्या फोनवर पाठवलं आणि "आईला नीट समजावून सांगा," म्हणाली. मास्तरांनी हुबळीहून निघायची वेळ तेवढी पाहिली. बाकीचं पट्टीनं मोजलं. सरळ रेघेत अडीच हजार किलोमीटर.

"तीन तास, अक्का. डोळा लागेपर्यंत पोचशील की."

अक्काचं सोवळं कडक. परान्न नाही, बाहेरचं पाणीसुद्धा नाही. प्रवासात फक्त दुधात भिजवलेल्या दशम्या चालायच्या. निघायच्या दिवशी पहाटेच तिनं पीठ मळून ठेवलं होतं. मास्तर हसले.

"कशाला ते ओझं? मधुमेहाची गोळी घे नि नीघ. दुपारी लेकीकडंच जेवशील."

अक्कानं पीठ झाकून ठेवलं. भाऊ शिकलेला, त्याचा शब्द ती कधी खाली पडू देत नसे.

पिठाच्या दशम्या मग मास्तरांच्या बायकोनं, रोहिणीबाईंनी, भाजल्या. दुपारी मास्तर त्या लोण्याशी खात होते, तेवढ्यात उत्तराचा फोन आला.

"पोचली ना?" त्यांनी ऐटीत विचारलं.

"आत्ताच कशी पोचेल, मामा? बेंगळुरात विमान बदललं, आता कोलकात्यात बसलीय. तिथून तिसरं. यायला संध्याकाळ होईल."

फोन ठेवून त्यांनी तिकीट उघडलं. तीन विमानं, ओळीनं, ठळक अक्षरांत. एखाद्या शाळकरी पोरालाही वाचता आलं असतं. अक्का गोळी घेऊन पहाटेपासून उपाशी होती. उत्तराला तेव्हाच सांगितलं असतं, तर तिनं आईला फोन करून चार घोट सरबत तरी प्यायला लावलं असतं. लेकीचं अक्का ऐकायची. पण सांगायचं म्हणजे आपली चूक पदरात घ्यायची. मास्तर दोनदा फोन हातात घेऊन बसले आणि दोनदा त्यांनी तो खाली ठेवला. त्यांना स्वतःची किळस आली, तरी बोट काही हललं नाही.

दिब्रुगडला उतरताना अक्का चक्कर येऊन पडली. जावयानं तिला थेट दवाखान्यात नेलं. तिथं सलाईन लागलं, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

"मामा, आई दिवसभर पाण्याच्या थेंबावाचून होती," उत्तरा रात्री फोनवर सांगत होती. "डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचली. डबा कसा नाही दिला तुम्ही?"

मास्तर तोंड उघडणार, तोच पलीकडून अक्काचा क्षीण आवाज आला. "त्याला नको बोलूस गं. पीठ मळलं होतं. मीच विसरले."

जन्मात खोटं न बोललेली बाई. मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. समोर रोहिणीबाई त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या.

"तुम्ही तरी आठवण करायची, मामा."

"होय बाई," मास्तर म्हणाले, "माझ्याही ध्यानात राहिलं नाही."