मेमरी फुल

"मेमरी फुल" हे दोन शब्द ऐकले की अजून माझं डोकं सणकतं.

कुडाळातल्या एका स्कॅन सेंटरचा सर्व्हर मी सांभाळायचो. पेशंटांचे सगळे स्कॅन त्या एका मशीनवर असायचे, डॉक्टर आपापल्या कॉम्प्युटरवरून ते उघडायचे. एका सकाळी फोन आला, एकही फाइल उघडत नाही. बाईक हाणत पोचलो तर बाकावर धामापूरची एक बाई बसलेली. नवऱ्याच्या डोक्यात गाठ. दुसऱ्या दिवशी त्याला गोव्याला न्यायचं होतं. गाठ वाढली का, हे बघून तिथले डॉक्टर ऑपरेशनचं ठरवणार, म्हणून गेल्या वर्षीचा स्कॅन हवा होता. घरातली फिल्म गळतीत भिजून वाया गेली होती.

सर्व्हर बघितला. डिस्कवर जागा चिक्कार. संपली होती ती मेमरी, म्हणजे काम चालू असताना फाइली उघडून ठेवायची जागा. स्कॅन दाखवणारा प्रोग्रॅम उघडलेली फाइल सोडतच नव्हता, नुसता गिळत होता मेला! तो बंद करून परत चालू केला, सगळं सुरळीत. पण त्या बाईच्या नवऱ्याचा स्कॅन दिसेना.

"परवा पण मेमरी फुल आलं होतं," मॅनेजर हसत म्हणाले. "मोबाइलवर करतो तसं केलं. जुने स्कॅन उडवले, मशीन बंद-चालू केलं. कालपर्यंत मस्त चाललं की!"

ऑफिसात मी शुद्ध बोलतो. त्या दिवशी तोंडातून निघालं, "शिरा पडो तुमच्या तोंडार! ओट्यावर भांडी साचली म्हणून माळ्यावरचं भात फेकून दिलंत तुम्ही!"

"एवढं काय चिडताय? चालू झालं ना?"

दुसरी प्रत ठेवायला मी डिस्क मागून दमलो होतो. यांचं आपलं बघू, बघू. उडवलेलं परत आणायला झगडलो, पण दोन दिवसांच्या नव्या स्कॅननी ती जागा केव्हाच खाल्ली होती.

बाई दारात आली. "झिला, चालू झाला मां? मगे आता ह्यांचो फोटो गावतलो?"

"सर्व्हर डाउन आहे, मावशी. उद्या या," मॅनेजर म्हणाले.

खोटारडा! माझं रक्त उसळलं. "मावशे, उद्या येव नको," मी ओरडलोच. "फोटो गेलो."

फोटो तिथेच कुठेतरी असावा तशी ती त्या चालू मशीनकडे बघत राहिली.

"खंय गेलो?"