वळणावर कोणीच पडत नाही

नातवंडांना मी फार हुशार वाटते, म्हणून माझा मूर्खपणा आधीच सांगून टाकते. बोईसरच्या एका दवाखान्यात मी जखमींची नोंद करायचे, तेव्हा अपघात कुठे झाला ते भरतच नसे. रुग्णाचं गाव आधी लिहिलेलं असायचं. तेच अपघाताच्या जागेच्या रकान्यात टाकलं की कॉम्प्युटर खूश, रांगही पुढे. पन्नाशी उलटली होती, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. वर नव्या मुलींना ही युक्ती शिकवायचे, अगदी गुरुमाउलीच्या थाटात!

गुडघे फोडून आलेला कामगार कळवळून सांगायचा, "मॅडम, चिंचणी के रास्ते पे, वो मोड पे फिसल गया."

"ते राहू दे. रहता कहाँ है?"

त्या वळणावर मासळीच्या टेम्पोंतून बर्फाचं पाणी गळतं, रस्ता कायम बुळबुळीत. कारखान्यातली पाळी गाठायला निघालेले मोटरसायकलवाले तिथे आडवे व्हायचे आणि मी त्यांना मासवणला, माकुणसारला, ज्याच्या त्याच्या घरी नेऊन पाडायचे.

एक दिवस चिंचणीची मासळीवाली टोपली दाराबाहेर ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. तिची मुलगी रोज स्कूटरवर मासळी घेऊन त्याच वळणावरून यायची. महिन्यापूर्वी घसरली, थोडक्यात वाचली. गतिरोधक मागायला ही रस्त्यांच्या सरकारी कचेरीत गेली, तर साहेबांनी दवाखान्यांचा तक्ताच दाखवला: त्या वळणावर कोणी जखमी नाही.

"बाय, माज्या पोरीची नोंद तुमीच केली ना? मंग ती पडली कुटं?"

मी कॉम्प्युटर उघडला. नोंदीत पोरगी चिंचणीत, स्वतःच्या घरीच पडली होती.

लगेच जिल्ह्याला फोन लावला. म्हटलं, जुन्या नोंदी दुरुस्त करायच्यात.

"मॅडम, महिना संपला की नोंद उघडत नाही. यापुढे नीट भरा. आकडा वाढला की गतिरोधकाचं बघतील."

अरे, आकडा वाढला की म्हणजे माणसं पडली की! भांडले, ओरडले, कॉम्प्युटरलाही दोन शब्द सुनावले. कोणावर काडीचाही परिणाम नाही. शेवटी तिला खरं ते सांगावंच लागलं: चूक माझी, पण आधी पडलेले आता धरत नाहीत, नवे लागतील.

तिने दाराबाहेरची टोपली उचलली. मग म्हणाली, "मंग पयला नंबर कोनाचा लावता, बाय? माजी पोरगी उद्या सकाली हायच त्या वळनावर."