मांड्यांआधीचं कौतुक

दारात चपला काढता काढताच कुणी माझी विचारपूस करायला लागलं, की माझा उजवा खांदा दुखायला लागतो. खरं सांगते. सुरतेत आम्हा खान्देशी लोकांकडे लग्न निघालं की पुरणाचे मांडे हवेतच. पण दोन्ही हातांवर झुलवत मांडा मोठा करायचा आणि अलगद खापरावर टाकायचा, हे करणाऱ्या बाया आता उरल्यात किती? मग येतात माझ्याकडे.

परवा इथल्याच जवळच्या कडोदऱ्याहून पुतणसून आली. दिवाळीतही फिरकली नव्हती. हातात केळी.

“काकू, किती वाळल्या तुम्ही! गोळ्या घेता ना वेळेवर?”

मी चहा ठेवायला आत गेले, तर नात मागोमाग. इंग्रजी शाळेतली ती. कुजबुजली, “आजी, ह्या काकींना कुऱ्हाडीला धार लावायचीये.”

“कसली कुऱ्हाड गं बाई?”

तर म्हणे इंग्रजीत तसं म्हणतात. फार पूर्वी अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात गोष्ट आली होती. एक माणूस कुऱ्हाड घेऊन येतो आणि ‘काय गुणी पोर आहेस’ म्हणत एका मुलाला धारेचा दगड फिरवायला लावतो. मुलगा फुशारून फिरवत राहतो. धार झाली की माणूस खेकसतो, पळ शाळेत, उशीर झाला! तेव्हापासून गोड बोलण्याआड कुणी स्वतःचं काम दडवलं, की त्याला कुऱ्हाड पाजळायचीये असं म्हणायचं.

“त्या पोराचे हात दुखले असतील, ते लिहिलंय का?”

“हो आजी, हाताला फोड आलेले त्याच्या.”

चहा घेऊन बाहेर आले, तोवर पुतणसून माझ्या हातच्या चवीपर्यंत पोचली होती. मी म्हटलं, “लग्न कधी आहे?”

“अगंबाई! कसं कळलं?”

“केळ्यांनी सांगितलं.”

हसली, मग बोललीच. मुलीचं लग्न. केटरर मांडे करत नाही, व्याही धुळ्याचे, नाकं मुरडतील. मी ऐकून घेतलं. मग हात उचलून दाखवला, जेमतेम छातीपर्यंत. “याच्या वर जात नाही. माझी वेणीसुद्धा ही पोर घालते.”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. कप खाली ठेवला. मग घरातल्या बोलीत हळूच म्हणाली, “मंग माले शिकाडा, काकू.”

शिकवायचं म्हणजेही शीणच. पण तिनं बांगड्या वर सारल्या होत्या. पुरण न घालता नुसती कणीक भिजवायला लावली, पाण्याचा हात लावून लावून तिंबायला लावली. पहिला मांडा मनगटावरच फाटला. दुसरा कोपरापर्यंत आला आणि लोंबला.

“अजून सैल भिजव. आणि घाई कुणाची आहे तुला?”

रविवारी परत येते म्हणाली. येईल, न येईल. लग्नाला मात्र मी जाणार आहे. खुर्चीत बसून जेवायला.