इनासचा फोटो

माझा दोस्त इनास गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर गणित मांडत होतो. ते अर्धंच टाकून आरोंद्याला त्याच्या घरी धावलो. आठ दिवसांनी त्याची बायको फिलोमेना म्हणाली, "मास्तरांनू, अख्ख्या बांद्याचे फोटो ह्यांनी काढल्यानी, पण ह्यांचो एकय नाय. महिन्याच्या मिसाक काय ठेवू?" चर्चमधल्या महिन्याच्या प्रार्थनेला ठेवायलाही त्याचा फोटो नव्हता, हे खरंच होतं. बांद्यात इतकी वर्षं स्टुडिओ चालवला, पण कुणी कॅमेरा रोखला की हा गडी पाठ फिरवायचा.

फोकस लावणं म्हणजे त्याची देवपूजाच असे... लेन्सची रिंग इकडे फिरव, तिकडे फिरव, पापणीचे केस सुटे दिसेपर्यंत बटण दाबायचा नाही. तोवर नवरदेवाचं हसू आटायचं आणि पोरं भोकाड पसरायची. तुझ्याकडे येताना जेवणाचा डबा आणावा लागतो, असं मी त्याला चिडवायचो.

शहाऐंशीत माझं लग्न ठरलं आणि भावाने मस्कतहून ऑटोफोकस कॅमेरा आणला. बटण दाबलं की काम फत्ते! मी शहाणपणा करून इनासला सांगितलं, तू नुसता जेवायला ये. तो दुखावला हे कळूनही मी गप्प राहिलो, त्याची आजही लाज वाटते. तो आला मात्र. कडक इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभा राहिला.

फोटो धुऊन आले. जोडीच्या प्रत्येक फोटोत आम्ही दोघं पुसट, मागची भिंत लख्ख. पाकीट घेऊन शेवटी इनासकडेच गेलो. त्याने सगळे पाहिले, एक तेवढा घाईने तळाशी सरकवला. मग समजावलं, हा कॅमेरा फक्त मधोमध बघतो, आणि आम्ही लाजून हातभर अंतर ठेवून उभे... त्याची नजर फटीतून आरपार गेली. "अंतर तो बराबर मोजता रे, पण कोणाक बघूचा ता तेका कोण सांगतलो?" म्हणाला आणि इतका हसला की बशीतला चहा सांडला. त्याच संध्याकाळी आम्हाला पुन्हा मुंडावळ्या बांधून उभं केलं आणि निवांत रिंग फिरवत बसला. आमच्या भिंतीवर आहे तो तोच फोटो.

फिलोमेनाने विचारल्यावर मी ते जुनं पाकीट शोधलं आणि तळाचा, तेव्हा मी नीट न पाहिलेला फोटो काढला. पुढे आम्ही पुसट... आणि मधल्या फटीत, भिंतीला टेकून, इनास. शर्टाची घडी न् घडी स्पष्ट. ज्या दिवशी मी त्याचं मन मोडलं, त्या दिवशीही तो आमच्याकडे बघून मनापासून हसत होता. तो फोटो घेऊन मी फिलोमेनाकडे गेलो.

आम्हाला कापून त्याचा तेवढा मोठा करून आणतो म्हटलं, तर फिलोमेनाने फोटो छातीशी धरला.

"कापू नकात," ती म्हणाली. "तुमच्या मधसूनच ते माका गावले."