मागच्या चाकांवरचा तांदूळ

बर्फ पडायला लागलं की विष्णूकाका पाटणकरांचा स्वभाव बदलायचा. एरवी अमेरिकेतल्या त्या नोव्हाय गावात त्यांच्याइतका शांत माणूस शोधून सापडला नसता. पण पहिला पांढरा थर रस्त्यावर बसला, की स्टिअरिंगमागे बसलेले काका जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांशी भांडायला लागत.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. काका ब्रेक इंजिनियर. कंपनीच्या टेस्ट ट्रॅकवर मुद्दाम गोठवलेल्या रस्त्यावर गाड्या घसरवायच्या आणि त्या का घसरल्या ते शोधायचं, हेच त्यांचं रोजचं काम. त्यामुळे पुढचा माणूस काय चूक करतोय हे त्यांना त्या माणसाच्या आधी कळायचं. बर्फानं झाकलेल्या काचेवर नुसतं डोळ्यापुरतं भोक खरवडून निघालेला कुणी दिसला की ते म्हणत, "आला बघा भोकवाला!" कुणाच्या टपावरून बर्फाची लादी सुटून मागच्या गाडीवर आपटली की दोन मैल पुटपुटत. आणि फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांवर तर त्यांचा विशेष राग. "अरे, चारही चाकं ओढतात म्हणून गाडी निघते लवकर. थांबताना तू आणि मी सारखेच! हे यांना कोण सांगणार?"

आपल्या जुन्या स्टेशन वॅगनची काळजी मात्र त्यांनी घेतलेली होती. तिची ताकद मागच्या चाकांवर आणि वजन सगळं पुढे. म्हणून मागे ओझं हवं. बाकीचे लोक वाळूची पोती टाकतात. काकांनी तांदळाची टाकली होती. महाराष्ट्र मंडळाचा संक्रांतीचा तांदूळ दरवर्षी ऑक्टोबरातच घाऊक भावानं येऊन पाटणकरांकडे पडायचा. तो बेसमेंटमध्ये ठेवण्यापेक्षा मागच्या चाकांवर बरा, हा हिशेब त्यांना इतका आवडला होता की पार्टीत भेटेल त्याला ते तो समजावून सांगत. आणि समजावता समजावता तो तांदूळ शेवटी शिजवून खायचा आहे, हे ते स्वतःच विसरून गेले होते.

संक्रांतीचा कार्यक्रम शनिवारी, चर्चच्या हॉलमध्ये. सकाळीच प्रताप आपल्या गाडीतून काका-काकूंना घेऊन आला. प्रताप नागपूरचा, नुकताच नोकरीला लागलेला, अमेरिकेतला त्याचा हा दुसराच हिवाळा. वॅगन दीपासाठी घरी ठेवली होती. दीपा त्यांची एकुलती एक, सोळा वर्षांची. लायसन्स हातात येऊन महिना झाला होता. तिचा शाळेचा काहीतरी प्रोजेक्ट होता, तो संपवून ती दुपारी एकटी येणार होती.

"एकटी?" काका आदल्या दिवशी म्हणाले होते.

"तुम्हीच शिकवलंय ना तिला? मग?" सुलभाकाकूंनी विषय संपवला होता. आकाश स्वच्छ होतं आणि मागे पोती होती, म्हणून काकाही गप्प बसले होते.

आता दुपार झाली होती आणि हॉलच्या खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत नव्हतं, ओतत होतं. आलेली माणसं बूट आपटत आत येत होती आणि प्रत्येकाकडे एक नवी हकीगत होती. ट्वेल्व्ह माइल रोडवर गाडी खड्ड्यात गेली. सिग्नलला तीन गाड्या एकमेकींवर चढल्या. काका हसून ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं. घरी फोन करून बघावा म्हणून ते हॉलच्या स्वयंपाकघरात गेले, कारण मोबाइल यायच्या आधीचा तो काळ, आणि फोन तिथेच भिंतीवर होता.

फोनपर्यंत ते पोचलेच नाहीत. ओट्याखाली पोती होती. त्यांचीच. दोन रिकामी, तिसऱ्याचं तोंड उघडं. मंडळाच्या मालिनीताई मोठ्या पातेल्यात मसालेभात परतत होत्या.

"हा तांदूळ कुठून आला?"

"कुठून म्हणजे? तुमच्याकडूनच. काल संध्याकाळी प्रतापनं आणून टाकला. छान जुना आहे हो भावजी, बघा कसा मोकळा होतोय."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू गुळपोळ्यांचे डबे मांडत होत्या. "मीच दिला काढून. मंडळाचाच आहे ना तो? अहो, असं काय बघताय?"

"गाडी हलकी झाली ती, सुलभा. मागून पूर्ण हलकी. दीपा निघेल त्या गाडीत!"

काकूंच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "मला नुसतं 'राहू दे तिथे' म्हणालात. कशाला ते कधी सांगितलंत?"

सगळ्या मंडळाला सांगून झालं होतं. घरात सांगायचं राहिलं होतं.

काकांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. म्हणजे निघाली.

"प्रताप, चल."

प्रतापची गाडी रस्त्याला लागली आणि काकांना कळलं की आपण एका काळजीतून दुसऱ्या काळजीत बसलोय. प्रताप एका हातानं गाडी चालवत होता. दुसऱ्या हातानं काच पुसत होता.

"दोन्ही हात ठेव रे."

"काका, टेन्शन नका घेऊ यार. काही होत नाही."

"पुढच्याच्या इतक्या जवळ जाऊ नको. त्यानं ब्रेक मारला तर तुझ्याकडे जागा नाही."

एक पिकअप ट्रक त्यांच्या शेजारून चिखल उडवत सुसाट पुढे गेला. एरवी काकांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज त्यांच्या मनात एवढंच आलं, की हा ट्रक दीपाच्या मागे असता तर? घराकडच्या उतारावर ती ब्रेक दाबेल, गाडीचं शेपूट फिरेल, आणि मागून असा एखादा येईल. टेस्ट ट्रॅकवर त्यांनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. तिथे समोरून कुणी येत नाही, एवढाच फरक.

रस्त्याकडेला त्यांच्या गाडीसारखीच एक तपकिरी स्टेशन वॅगन तिरकी, नाक खाली करून पडली होती.

"थांब! थांब!"

प्रतापनं घाबरून ब्रेक दाबला आणि त्यांची स्वतःचीच गाडी आडवी होत थांबली. मागच्यानं लांबलचक हॉर्न दिला. काका दार उघडून घोट्याएवढ्या बर्फातून धावले. गाडीत एक म्हातारा अमेरिकन टोपी घालून टो-ट्रकची वाट बघत शांतपणे बसला होता. त्यानं हात हलवला. काकांनीही हलवला, आणि परत येऊन बसले. प्रतापनं न सांगता दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

अर्ध्या मैलावर समोरून ती दिसली. सावकाश, अगदी सरळ. मागे चिडलेल्या गाड्यांची रांग. दीपानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही, तिची नजर रस्त्यावर होती.

प्रतापनं गाडी वळवली. "ओव्हरटेक करू?"

"अजिबात नको. मागेच राहा. लांबून."

हॉलच्या आवारात पोचेपर्यंत ती उतरलेली होती. काका तिला जवळ घ्यायला गेले, पण आधी त्यांचं लक्ष गाडीच्या मागच्या काचेकडे गेलं. आत कचऱ्याच्या काळ्या पिशव्या काठोकाठ भरून, तोंड बांधून रचल्या होत्या.

"हे काय?"

"स्नो," दीपा म्हणाली. "ड्राइव्हवेमध्येच गाडी स्टार्टेड स्लायडिंग, बाबा. मागे बघितलं तर राइस इज गॉन. सो आय शोव्हल्ड स्नो इन द बॅग्ज. दॅट्स व्हाय आय ॲम लेट."

काकांनी एक पिशवी उचलून पाहिली. चांगली जड होती. त्यांनी ती परत नीट, चाकाच्या बरोबर वर ठेवली.

भात खरंच मोकळा झाला होता, पण त्यांना तो फारसा गेला नाही. निघताना बर्फ थांबलं नव्हतं. दीपानं किल्ली त्यांच्यापुढे धरली. तिचा चेहरा थकलेला होता. काकांनी हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"तूच चालव. मी बसतो शेजारी."

काकू मागे बसल्या, पिशव्यांच्या पुढच्या सीटवर. पहिल्या सिग्नलला एक फोर-व्हील ड्राइव्हवाला त्यांच्या पुढे घुसला. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दीपानं ॲक्सिलरेटर सोडला, गाडी आपोआप हळू झाली.

"बाबा," ती समोर बघतच म्हणाली, "यू आर ब्रेकिंग."

काकांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय फ्लोअरमॅटवर इतका दाबलेला होता की पोटरी दुखत होती. त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि घर येईपर्यंत तिथेच ठेवले.